दवबिंदू

उद्यमबागेत लोखंड
चौदाशे अंशांवर साच्यात उतरतं,
आणि ते कुठे, कसं, किती वेळात निवेल
हे आधीच सांगायचं काम माझं.
पंपाची बॉडी, झडप, ब्रेक ड्रम.
कुठे पोकळी राहील, कुठे तडा जाईल,
पडद्यावर लालाचं पिवळं, पिवळ्याचं निळं होताना
बघत बसायचं.
एका साच्याला अकरा तास.
सातव्या तासाला माझं मशीनच तापतं,
चौऱ्याण्णव,
आणि लोखंड निवायच्या आधी
तेच डोळे मिटतं.

म्हणून हा खटाटोप.

रेडिएटर भंगारातल्या व्हॅनचा,
पंप माशांच्या टाकीचा,
नळी खडेबाजारात मीटरवर मोजून घेतलेली,
पाणी बॅटरीवाल्याकडचं, दोन कॅन.
बिल कन्नडात, आकडे आकड्यांत.

तांब्याचा ठोकळा इराप्पा कम्मारनं खोदला
जेवणाच्या सुट्टीत, मिलिंगवर.
आत पाण्याच्या नागमोडी वाटा,
मधली भिंत एक मिलिमीटर.
"कशाला रे हे?"
"गार करायला."
"तंपु?"
"तंपु."
त्यानं ठोकळा तळहातावर घेऊन फुंकर मारली,
तांब्याचा कीस उन्हात उडाला,
आणि चहाखेरीज काही घेतलं नाही.

मग ती पांढरी पाटी,
बिस्किटाएवढी,
एक लाल तार, एक काळी.
वीज सोडली की एक बाजू गारठते,
दुसरी भाजते,
दोघींच्या मध्ये चार मिलिमीटर.
तारा उलट्या लावल्या की
बाजूही उलटतात.
हे इराप्पाला फार आवडलं.
दोनदा तारा बदलून बघितल्या, दोनदा बोट चटकावून घेतलं,
"म्हणजे हिचं हिलाबी ठाऊक नाही की, मर्दा!"

उष्णता मरत नाही.
इकडून उचलून तिकडे ठेवायची,
उचलायची मजुरी वेगळी,
तीही उष्णतेतच.
मीटर मात्र माझा फिरतो.

पहिल्या रात्री उणे तीन.
तांब्यावर पिठीसाखर भुरभुरावी तसं हिम,
मी खुर्चीवर उभा राहून फोटो काढले,
झोपलेल्या सुलभाला उठवून दाखवलं.
पहाटे तीनला
मदरबोर्डवर पहिला थेंब.

शाळेत दवबिंदू गवतावर असायचा,
निबंधात, मोत्यासारखा.
इथे तो एकवीस अंशांवर असतो.
श्रावणात वडगावची हवा इतकी ओली
की त्याच्या खाली उतरलेल्या
कुठल्याही वस्तूला
पाणी सुटतं.
बोर्ड गेला. साडेअकरा हजार.
सुलभा काही बोलली नाही,
नुसता पंखा माझ्याकडे वळवला.

आता सॉकेटभोवती काळा रबर,
फटीफटीत व्हॅसलीन,
आणि पाटीला लगाम:
बावीसच्या खाली जायचं नाही.
गार व्हायचं,
पण हवेला कळेल इतकं नाही.

आज अकरावा तास.
पंप गुळण्या केल्यासारखा बोलतोय,
एकोणसाठवर काटा मुकाट.
मागे रेडिएटरवर
सुलभानं मुलाचे मोजे टाकलेत,
चार दिवस दोरीवर ओले होते,
तासाभरात कडक.
भिंतीवरची पाल तिथून हलत नाही.

पाळीला जाताना इराप्पा डोकावला.
एक हात या नळीवर, एक त्या नळीवर,
डोळे मिटून उभा.
"बिसि," म्हणाला,
मग दुसरा हात हलवून, "हं, तंपु."
आणि डबा उचलून गेला.

पडद्यावर ड्रम निळा होत आला.
फासळीपाशी एक ठिपका अजून लाल,
सगळ्यात शेवटी जिथे निवतं
तिथेच पोकळी राहते.
वाटाण्याएवढी आहे.
सकाळी पॅटर्नवाल्या मुचंडींना
फोन करावा लागेल.